कोणाचा खेळ, कोणाचा रानटीपणा?

श्रावणी अमावास्येला पोळा भरतो आणि दुसऱ्या दिवशी, भाद्रपद शुद्ध प्रतिपदेला, पांढुर्ण्याचे नाव देशभरच्या वर्तमानपत्रांत छापून येते. वर्षाच्या उरलेल्या दिवसांत या गावाची दखल क्वचितच कोणी घेतो. जाम नदीच्या पात्रात उभा असलेला जमाव, हवेत भिरकावलेले दगड, डोके फुटलेला एखादा तरुण असे छायाचित्र आणि त्याखाली ‘रानटी’, ‘रक्तरंजित’ अशी एक-दोन विशेषणे, एवढ्यावर पांढुर्ण्याचा परिचय पुरा होतो. या विशेषणांचा विचार आम्ही प्रस्तुत लेखात करू इच्छितो. गोटमार चांगली की वाईट हा प्रश्न आम्ही टाळणार नाही. परंतु त्याच्या आधी आणखी एक प्रश्न उभा राहतो. एखाद्या समाजाच्या खेळाला रानटी कोणी ठरवावे, आणि कोणत्या मापाने?

हा प्रश्न या पत्रिकेच्या वाचकांपुढे ठेवण्यास विशेष कारण आहे. इंदूर, ग्वाल्हेर, सागर, जबलपूर येथील आपली जुनी मराठी घराणी बहुतांशी होळकर-शिंद्यांच्या दरबाराबरोबर, पेशव्यांच्या सुभेदारांबरोबर, किंवा पुढे इंग्रजी अमदानीत वकिली, शिक्षकी आणि सरकारी नोकरीच्या निमित्ताने या प्रांतात आली. वाडे, गणेशोत्सव, वाचनालये, नाट्यमंडळे ही या घराण्यांची ओळख. पांढुर्णा-सौंसरच्या मराठीची गोष्ट निराळी आहे. सातपुड्याच्या दक्षिण उतारावरचा हा मुलूख भाषेने, पिकांनी आणि सणावारांनी वऱ्हाड-नागपूरचाच विस्तार होय. येथला सामान्य मराठी माणूस कोणत्या दरबाराबरोबर आलेला नाही. तो कापूस, ज्वारी आणि संत्री पिकवीत आपल्या शेतावरच राहिला. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली, विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि छिंदवाडा जिल्हा मध्य प्रदेशात राहिला. सीमा शेताच्या बांधावरून गेली. माणसे होती तेथेच राहिली. २०२३ साली पांढुर्णा आणि सौंसर या तहसिली मिळून पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा झाला, तरी पुष्कळांच्या मनातला नकाशा अजून जुनाच आहे.

त्या नकाशात ‘तिकडचे लोक’ असा एक शब्दप्रयोग आहे. ‘करून राहिलो’, ‘येऊन राहिला’ अशी बोली कानी पडली की आपल्या बैठकीत हलकेसे हसू उमटते. मग पोळ्याच्या झडत्या म्हणजे गावठी आरडाओरडा, शंकरपट म्हणजे बैल पिटाळणाऱ्यांचा गोंधळ, आणि गोटमार म्हणजे तर अशिक्षितपणाचा कळसच, अशी वाक्ये सहज बोलली जातात. गंमत अशी की हिंदीभाषक शेजारी हेच हसू सगळ्याच मराठी खेड्यांवर हसतो, नागपूरकर पांढुर्ण्यावर हसतो आणि पुणेकर नागपूरकरावर. प्रत्येकाला आपल्याखाली एक पायरी हवी असते. ज्याच्या खाली कोणी नाही त्याच्या वाट्याला सगळ्यांचे हसू येते.

आता प्रत्यक्ष गोटमारीकडे वळू. जाम नदीच्या एका काठावर पांढुर्णा आणि दुसऱ्यावर सावरगाव. नदीच्या मधोमध पळसाचे झाड रोवून त्यावर झेंडा बांधतात. पांढुर्ण्याच्या बाजूने ते झाड तोडून झेंडा मिळविण्याचा प्रयत्न होतो, सावरगावच्या बाजूने तो रोखला जातो, आणि दोन्ही काठांवरून दिवसभर दगडांचा वर्षाव चालतो. शेवटी झेंडा चंडीमातेच्या देवळात नेऊन अर्पण करतात. मुळाशी एक आख्यायिका सांगतात. पांढुर्ण्याचा तरुण सावरगावच्या मुलीला घेऊन नदी ओलांडू लागला, मुलीकडच्यांनी दगड मारले, तेव्हा पांढुर्ण्याच्या लोकांनी उलट दगडफेक करून दोघांना पार नेले. काही जण ती जोडी नदीतच मरण पावल्याचे सांगतात. आख्यायिकेला पुरावा मागू नये. पण नदीच्या दोन काठांची ही दोन गावे सोयरिकीने एकमेकांत गुंतलेली आहेत आणि दुसऱ्या दिवशी दगड मारणारे व खाणारे एकाच बाजारात भेटतात, ही गोष्ट कोणालाही पाहता येते.

येथवर ऐकले म्हणजे हा खेळ रम्य वाटू लागतो. तेव्हा दुसरी बाजूही तितक्याच स्पष्टपणे मांडली पाहिजे. जखमींचा आकडा दरवर्षी शेकड्यांत जातो. १९५५ पासून डझनाहून अधिक माणसे या दगडांनी प्राणास मुकल्याचे वृत्तपत्रांतून वारंवार छापून आले आहे. कोणाचा डोळा जातो, कोणाचे हाड मोडते. १९७८ आणि १९८७ या वर्षी पोलिसांना गोळीबार करावा लागला. २००१ साली दगडांऐवजी रबरी चेंडू पुरविण्याचा प्रयोग झाला. तो टिकला नाही, लोकांनी पुन्हा दगड उचलले. दरवर्षी जमावबंदीचा आदेश निघतो आणि दरवर्षी जमाव जमतो. आम्ही राज्याच्या सेवेत आयुष्य काढले. शासकीय नस्तीत अशा दिवसाची नोंद कशी होते हे आम्हांस ठाऊक आहे. बंदोबस्त, रुग्णवाहिका, मद्यविक्री बंद, जखमींची संख्या, इतकेच तिच्यात असते आणि संध्याकाळी ती पुढच्या पोळ्यापर्यंत मिटते. या लोकांना दगड का उचलावासा वाटतो, हा प्रश्न विचारण्यासाठी तिच्यात रकाना नसतो.

आता मापाचा विचार करू, आणि तो याच सातपुड्यापासून सुरू करू. कॅप्टन जेम्स फॉर्सिथ या इंग्रज अधिकाऱ्याचा मध्य भारताच्या डोंगराळ प्रदेशावरील ग्रंथ १८७१ साली प्रसिद्ध झाला. सातपुड्यातील रानांचे, गोंड वस्त्यांचे आणि वाघ-गव्यांच्या शिकारीचे त्यात विस्तृत वर्णन आहे. त्या काळी साहेबाने मचाणावर बसून वाघ मारला तर ती मर्दुमकी ठरे आणि त्याचे कातडे दिवाणखान्यात लागे. त्याच रानात पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या गोंडाने पोटासाठी ससा किंवा हरीण धरले, तर वनकायदे आल्यावर तो चोर ठरू लागला. रान एकच आणि मरणारा प्राणीही रानातलाच; बदलत होता तो मारणाऱ्याचा पोशाख. पुढे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीवर सर्वत्र कडक बंधने आणली. त्या कायद्याचे मोठेपण आमच्या मते यात आहे की, शिकारी कोण हे बाजूला ठेवून प्राण्याचे काय होते हा प्रश्न त्याने मध्यभागी आणला.

आपल्या लाडक्या क्रिकेटचे उदाहरण घ्या. फेब्रुवारी १९९८ मध्ये ढाक्यात अगदी जवळ क्षेत्ररक्षण करीत असता डोक्याला चेंडू लागून भारताचे रमण लांबा मरण पावले. नोव्हेंबर २०१४ मध्ये सिडनीच्या मैदानावर उसळता चेंडू मानेवर बसून ऑस्ट्रेलियाचे फिलिप ह्यूज दोन दिवसांनी गेले. मोटारींच्या शर्यतीत १९९४ साली इमोला येथे आयर्टन सेना यांचा अंत साऱ्या जगाने दूरदर्शनवर पाहिला. या मृत्यूंबद्दल हळहळ सर्वत्र व्यक्त झाली. पण त्यावरून सिडनीचे किंवा इमोलाचे लोक रानटी आहेत असे कोणी लिहिले नाही. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचे ते कार्टे, ही म्हण खेळांनाही लागू पडते.

येथे पांढुर्ण्याचा अभिमानी माणूस टाळी वाजवील आणि म्हणेल, ‘झाले तर मग! त्यांचे चालते तर आमचेही चालू द्या.’ आमचा त्याच्याशी मतभेद येथेच सुरू होतो. दुसऱ्याचे माप खोटे आहे हे सिद्ध केल्याने आपला माल वजनात भरत नाही. क्रिकेटमध्ये माणूस मेला म्हणून जाम नदीत गेलेला डोळा परत येत नाही. दुटप्पीपणा उघड केल्याने टीकाकाराची लबाडी तेवढी दिसते. खेळाचा न्याय व्हायचा तो राहूनच जातो.

शिवाय क्रिकेटच्या आणि मोटारशर्यतीच्या उदाहरणांत एक गोष्ट आहे जी आम्ही मुद्दामच आतापर्यंत बाजूला ठेवली होती. सेना यांच्या मृत्यूनंतर शर्यतीच्या गाड्या, वळणे आणि नियम यांची कसून तपासणी झाली. ह्यूज यांच्या मृत्यूनंतर शिरस्त्राणाला मानेचे संरक्षण जोडण्यात आले आणि २०१९ पासून कसोटी सामन्यात डोक्याला मार बसलेल्या खेळाडूच्या जागी दुसरा खेळाडू घेण्याची सोय झाली. खेळाने आपल्या मृतांकडे पाहिले आणि स्वतःत बदल केला. गोटमारीत इतकी माणसे गेली, तरी हातातला दगड तसाच राहिला.

तो तसाच का राहिला? ‘लोक अडाणी आहेत’ हे उत्तर सोपे आहे, पण ते खरे नाही. याच लोकांनी संत्र्याच्या बागा उभ्या केल्या, कलमे बदलली, ठिबक सिंचन आणले, मुलांना शिकवून नागपूर-पुण्याला पाठविले. बदल त्यांना वर्ज्य नाही. आमच्या समजुतीप्रमाणे कारण असे की, ज्या समाजाला त्याच्या एखाद्या दोषावरून सतत हिणवले जाते, तो समाज हळूहळू त्या दोषालाच भूषण मानू लागतो. बाहेरचा मनुष्य ‘रानटी’ म्हणतो, आतला ‘परंपरा’ म्हणतो. दोन्ही शब्द एकमेकांवर पोसतात आणि दोघेही जखमी माणसाकडे पाहण्याचे काम टाळतात. २००१ साली जे रबरी चेंडू आले ते काहींना सुरक्षेचे साधन न वाटता आपल्या मर्दानगीची थट्टा वाटली असल्यास आश्चर्य नाही. ज्याने आयुष्यभर आपल्याला हसून पाहिले, त्याने दिलेले औषधही कडू लागते.

हे केवळ आपल्याकडेच घडते असे नाही. इंग्लंडमध्ये कुत्री सोडून कोल्ह्याची शिकार करण्याच्या प्रथेवर बंदी घालण्याचा विषय निघाला, तेव्हा सप्टेंबर २००२ मध्ये लंडनच्या रस्त्यांवर चार लाखांहून अधिक माणसे ग्रामीण जीवनाच्या बचावासाठी उतरली. वाद कोल्ह्याच्या वेदनेवरून सुरू झाला आणि शहर विरुद्ध खेडे, श्रीमंत विरुद्ध सामान्य अशा भांडणात जाऊन पडला. कायदा २००४ मध्ये झाला. पण मधल्या गदारोळात कोल्हा मात्र बहुतेकांच्या नजरेआड झाला. प्रतिष्ठेचा प्रश्न पुढे आला की ज्याला इजा होते तो मागे पडतो, हा अनुभव सार्वत्रिक दिसतो.

मग खेळाचा न्याय करावा कसा? आम्हांस चार प्रश्न पुरेसे वाटतात, आणि ते कोणत्याही खेळाला, कोणत्याही वर्गाला सारखेच विचारता येतील. पहिला, ज्याला इजा होऊ शकते त्याने ती जोखीम स्वतःहून पत्करली आहे काय? दुसरा, त्याला लाज न वाटता ‘मी खेळत नाही’ असे म्हणता येते काय? तिसरा, इजा झाल्यावर तिचा भार कोण वाहतो? आणि चौथा, माणूस मेला तर खेळ थांबून स्वतःकडे पाहतो काय?

गोटमारीला हे प्रश्न विचारून पाहा. उतरणारा प्रौढ पुरुष पहिल्या प्रश्नाचे उत्तर होकारार्थी देईल. पण गोफणीतून सुटलेला दगड काठावरच्या बघ्याला, गच्चीवरच्या पोराला ओळखत नाही. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर गावातल्या प्रत्येक तरुणाने मनाशी द्यावे. मित्रांच्या घोळक्यात नकार देण्यास दगड झेलण्यापेक्षा अधिक धैर्य लागते. तिसऱ्याचे उत्तर सर्वांत बोचरे आहे. रोजंदारीवर जगणाऱ्याचा हात मोडला तर घरची चूल कशी पेटते, हे झेंडा मिरविणाऱ्यांच्या मिरवणुकीत दिसत नाही. आणि चौथ्याचे उत्तर आपण वर पाहिलेच.

पण हेच प्रश्न इतरत्रही विचारले पाहिजेत, नाहीतर ते पुन्हा खालच्या पायरीवरच्यांसाठी राखून ठेवल्यासारखे होतील. शंकरपटाचे पाहा. वऱ्हाडात तळेगाव दशासरचा पट प्रसिद्ध आहे आणि पटाच्या बैलजोडीचा अभिमान या सबंध टापूत आहे. ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अशा शर्यतींना मनाई केली. २०१७ साली महाराष्ट्राने कायद्यात दुरुस्ती केली. आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने तामिळनाडू, कर्नाटक व महाराष्ट्र यांच्या दुरुस्त्या वैध ठरविल्या. बैलाला पराणी टोचू नये, शेपूट पिरगाळू नये, ही अपेक्षा रास्तच होती. कारण बैल पहिल्या प्रश्नाचे उत्तर देऊ शकत नाही. परंतु ज्या वर्षांत पटाचे बैल दावणीला बांधलेले होते, त्या वर्षांत मुंबईच्या महालक्ष्मीवर घोड्यांच्या शर्यती चालूच होत्या. घोडाही बोलत नाही आणि जॉकीच्या हातात चाबूक असतोच. बैलाची दया आली त्यांना घोड्याची आली नाही, याचे कारण दयेत शोधण्यापेक्षा प्रेक्षागारातल्या खुर्च्यांच्या दरात शोधावे.

चारही प्रश्न कठोर आहेत, पण त्यांना होकारार्थी उत्तर देत खेळ जिवंत ठेवता येतो. मातीतला हुतूतू नियमांत बसला, कबड्डी झाला आणि १९९० साली आशियाई स्पर्धांत गेला. दम आणि झोंबाझोंबी त्यात अजून तशीच आहे. इटलीत इव्हरेआ नावाच्या गावी कार्निव्हलच्या दिवसांत लोक एकमेकांना संत्र्यांनी झोडपतात. तेथेही मुळाशी एका मुलीची आणि जुलमी सरदाराची कथा सांगतात. दुसऱ्या महायुद्धानंतर तेथे संघ बांधले गेले, रीत ठरली, आणि डोक्यावर लाल टोपी घालणाऱ्या बघ्याला कोणी फळ मारीत नाही. ज्याला खेळायचे नाही त्याला तसे म्हणण्याची सोय त्या टोपीने केली. आपल्या उत्तराखंडात देवीधुरा येथे राखीपौर्णिमेला वाराही देवीच्या प्रांगणात दगडांचे युद्ध होत असे. उच्च न्यायालयाच्या हस्तक्षेपानंतर २०१३ पासून तेथे फळे-फुले आली. दगड अधूनमधून डोकावतात असे ऐकू येते, तरी रीत बदलली ती देवीला न सोडता बदलली.

आणि इतके दूर कशाला जावे? ज्या दिवशी पांढुर्ण्यात गोटमार होते, त्याच दिवशी नागपुरात मारबतीची मिरवणूक निघते. काळी मारबत, पिवळी मारबत आणि बडगे यांच्या रूपाने लोक वर्षभराचा राग, रोगराई, सत्ताधाऱ्यांवरचा संताप पुतळ्यात ओततात आणि गावाबाहेर नेऊन जाळतात. त्या मिरवणुकीत शिवराळपणा आहे, धुडगूस आहे. पण पुतळ्याचे डोके फुटत नाही आणि त्याची आई रडत नाही. त्याच संध्याकाळी मुले तान्ह्या पोळ्याचे लाकडी बैल घेऊन दारोदार फिरतात. राग, चढाओढ आणि उत्सव यांना इजेवाचून वाट देणे या मातीला जमत नाही, असे म्हणता येणार नाही. तिने ते कधीच करून दाखविले आहे.

पांढुर्णा आणि सावरगाव यांनी दगडाऐवजी काय उचलावे हे आम्ही सुचविणार नाही. पोळ्याच्या सुमारास आंबिया बहराची फळे गळून बागांत सडा पडतो. त्यावरून इव्हरेआची आठवण येणे साहजिक आहे. परंतु बाहेरून दिलेली वस्तू हातात टिकत नाही, हे २००१ ने दाखविले आहे. निर्णय दोन काठांवरच्या माणसांचा आहे, आणि त्यातही ज्यांच्या घरी डोळा किंवा मुलगा गेला आहे त्यांचा शब्द सर्वांच्या आधी ऐकला गेला पाहिजे. झेंडा कोणी मिळवला याची चर्चा वर्षभर होते. तशी जखमींची यादी चंडीमातेच्या देवळात वाचली गेली, तर बदलाला आतून सुरुवात होईल असे आम्हांस वाटते.

आपल्यासारख्यांचे कर्तव्य मात्र आम्ही स्पष्ट सांगू इच्छितो. पांढुर्णा-सौंसर हा आपल्या राज्यातील मराठीचा सर्वांत सलग आणि सर्वांत जिवंत मुलूख आहे. शहरांतल्या आपल्या घरांत मराठी दिवाणखान्यापुरती उरत चालली असता तेथे ती बांधावर, बाजारात आणि बैलाशी बोलताना वापरली जाते. आपण तेथे किती वेळा गेलो? जामसावळीच्या हनुमानाचे दर्शन घेऊन मोटार परत फिरवली, याला जाणे म्हणत नाहीत. पोळ्याला थांबावे, झडत्या ऐकाव्यात, तोरणाखाली उभ्या बैलाच्या पाठीवरची झूल कोणी शिवली ते विचारावे. ज्याचे गुण आपण पाहिले आहेत, त्याला दोष सांगण्याचा अधिकार आपल्याला पोहोचतो आणि त्यालाही तो ऐकवतो.

गोटमार थांबावी किंवा बदलावी असे आम्हांस मनापासून वाटते. ते लोक गावंढळ आहेत म्हणून नव्हे. तेथे फुटणारे डोके आपल्या माणसाचे आहे, इतके कारण आम्हांस पुरे आहे.